कोरडे हात

बाबांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला आतल्या बाजूने एक गुळगुळीत जागा होती. पाट्याचा दगड वर्षानुवर्षं वापरून मधोमध झिजतो, तशी. शेवटच्या आजारपणात मी कोमट पाण्याने त्यांचे हात पुसून द्यायची तेव्हा ती जागा माझ्या बोटांना लागायची. काम सोडून तीस वर्षं होऊन गेली होती, तरी ती भरली नव्हती. उशीच्या अभ्र्यातून कापसाचा पुंजका बाहेर आला की बाबा तो चिमटीत धरून हळूच ओढायचे, किती लांब तार येते ते डोळ्यांजवळ नेऊन पाहायचे आणि पुन्हा उशीत कोंबून द्यायचे. डॉक्टर म्हणाले, हा त्यांच्या वयाचा भ्रम आहे.  भ्रम नव्हता तो, सवय होती.

बाबा गेले त्याला आता चौथा महिना लागला. अमरावतीच्या राजापेठेतल्या या घरात खालच्या मजल्यावर शिकवणी वर्ग आहे. संध्याकाळी पोरांच्या गाड्या सुटल्या की थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, मग घर एकदम रिकामं वाटतं. त्याच वेळी मी ही वही घेऊन बसते. बाबांच्या शोकसभेला बरेच लोक आले होते. वस्तीतल्या वाचनालयाबद्दल, त्यांनी शिकवलेल्या मुलांबद्दल ते बोलले, आणि जवळजवळ प्रत्येकाने त्यांना थोर म्हटलं. मी मान खाली घालून ऐकत होते. एकानेही कापसाचं नाव काढलं नाही. काढणार तरी कसं? ज्यांनी ते पाहिलं होतं त्यांच्यापैकी त्या दिवशी तिथे मी एकटीच होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा माझ्याच्याने काही बोलवलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा आम्ही अकोल्याला राहत होतो. घरापासून हाकेच्या अंतरावर कापसातली सरकी काढणारी जिनिंग फॅक्टरी होती आणि आमचा दिवस तिच्या भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा सायकल काढायचे. दिवाळीनंतर जिन सुरू झालं की जमिनीतून एक घरघर चालू राहायची. मांडणीवरच्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि आई त्यांच्यामध्ये फडकी खुपसून ठेवायची. हवेत तंतू उडायचे. ते तुळईवर बसायचे, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचे, कधी कढीत पडायचे. थंडीत आमच्याकडे तुरीच्या शेंगा उकडलेल्या असायच्या, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, आणि रविवारी कढी-फुनके. डाळीचे ते वाफवलेले गोळे कढीत सोडताना आई आधी पातेल्यावर फुंकर मारून तंतू बाजूला करायची. मला अजूनही कढी वाढली की आधी फुंकर मारावीशी वाटते.

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवायचे आणि त्यावरून भाव मिळायचा. जिनच्या आवारातच केंद्र होतं. बैलबंड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जायची, माणसं दोन-दोन दिवस बंडीखाली झोपायची. बंडी पुढे आली की बाबा कोपरापर्यंत हात खुपसून तळातला कापूस काढायचे, मूठ आवळून सोडायचे, कापूस किती लवकर फुलतो ते पाहायचे, मग चिमटीत तार ओढायचे; जितकी लांब तार, तितकी प्रत वरची. सगळ्यात शेवटी आतली सरकी काढून दाताखाली धरायची. कोरडी सरकी कट्‌ करून फुटते, ओली दबते. तो आवाज ऐकून बाबा म्हणायचे, "एक नंबर," किंवा, "दोन नंबर," आणि चिठ्ठी फाडायचे. त्यांच्या शब्दावर कोणी बोलत नसे. ते बोलणं सुरू झालं असतं तर रांग कधीच सरली नसती. क्वचित कोणाच्या कापसावर पाणी मारलेलं असायचं, वजन वाढावं म्हणून. तेव्हा बाबा "ओला" एवढंच म्हणायचे आणि बंडी सगळ्या रांगेसमोरून उलटी फिरवावी लागायची. गावाकडे या गोष्टीची आठवण पुढच्या हंगामापर्यंत राहायची.

आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतून त्या खुर्चीवर बसलेले बाबा पहिलेच. आई हे रोज बोलून दाखवत नसे, पण बाबांचा सदरा ती रोज धुऊन इस्त्री करायची, आणि एक बटण सैल झालं तरी बाबांना दारातून मागे बोलवायची.

त्या हिवाळ्यात मी सातवीत होते. अमरावतीला शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती, विषय होता 'खरा थोर कोण?' आमच्या गुरुजींनी मला भाषण लिहून दिलं होतं आणि मी ते घरभर फिरत पाठ करत होते. त्यात एक वाक्य होतं, "थोर माणसाचा निर्णय कधीही चुकत नाही." इथे हात वर करायचा, असं गुरुजींनी समासात लिहिलं होतं. मी हात वर केला की चुलीजवळून आई म्हणायची, "हात खाली घे, मांडणी पाडशील."

बाबांना हिवताप आला तो त्याच आठवड्यात. रात्रभर कुडकुडले. सकाळी आईने गोळी दिली, ज्वारीच्या कण्या दुधात कालवून दिल्या. दोन घासांवर त्यांनी वाटी सारली. तोंड कडू झालं होतं.

"आज नका जाऊ," आई म्हणाली.

"लोकं दोन दिवसांपासून रांगेत बसून राहिले, शांते. त्याइले काय सांगू, मले थंडी वाजते म्हणून?"

मी शाळेत त्यांच्यासोबत निघायची. वाटेत रेल्वेचं फाटक होतं, तिथे ते सायकलवरून उतरायचे आणि रूळ ओलांडेपर्यंत माझा हात धरायचे. त्या दिवशी त्यांनी हात धरला तेव्हा मी दचकले. बर्फासारखा गार आणि घामाने चिंब. पलीकडे गेल्यावर मी माझा हात फ्रॉकला पुसला. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हे तेव्हा कळलंही नाही.

दुपारच्या आत सलीमचाचा त्यांना रिक्षात घालून घरी घेऊन आले. सलीमचाचा केंद्रावर मापारी होते, कापूस तोलायचे. बाबांचे एकमेव मित्र. बाबांना खाटेवर झोपवून, दोन गोधड्या टाकून ते ओट्यावर आईशी बोलत बसले.

"पहली बंडी देखी और बैठ गये भाभी. बाकीच्या मग दुसऱ्या साहेबांनं पाहिल्या. पन ते पहली बंडी… द्रुपदाबाईची होती. ओला म्हनले."

"द्रुपदाबाईचा?" आईने विचारलं.

द्रुपदाबाईला सगळे ओळखत. नवरा गेल्यावर दहा-बारा वर्षं ती एकटीने शेती करत होती, बंडी स्वतः हाकत आणायची, आणि तिचा कापूस पाहायला रांगेतले लोक उठून यायचे, इतका तो स्वच्छ असायचा. त्यात पाचोळ्याचं एक पान सापडत नसे.

"काय म्हनली ते?"

"काही नाही म्हनली. तेच तर. भांडली असती तर बरं होतं. बैल जुपले, बंडी फिरवली. अब लोग तो लोग हैं. कोनी म्हने, बाईनं यंदा पानी पाजलं वाटते. कोनी म्हने, एकटी बाई किती दिवस इमानदारीनं करन. ते सगळं आयकत आयकत फाटकाबाहेर गेली."

तीन दिवसांनी बाबांचा ताप उतरला. खाटेवर भिंतीला टेकून ते बसले होते आणि मला म्हणाले, "म्हण तुझं भाषण." मी उभी राहिले. त्या वाक्यापाशी आले, हात वर केला, आणि का कोण जाणे, वर केलेल्या त्या हाताकडेच माझं लक्ष गेलं. मी थांबले.

"काहून? विसरली काय?"

"बाबा, त्या दिवशी तुमचे हात ओले होते."

"कोन्या दिवशी?"

"फाटकापाशी. ताप होता तेव्हा. मी फ्रॉकले पुसला माझा हात."

आई चुलीकडून वळून पाहायला लागली.  बाबांनी स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, मग गालाला लावला. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सरकी नाही चावली मी. तोंड कडू होतं."

"तुमी काही मुद्दाम केलं काय?" आई पुढे आली. "माणूस आजारी पडते. झालं ते झालं. ते बाई पुन्हा घेऊन येईन तिचा कापूस, तुमी एक नंबर द्या. संपलं."

"ते येणार नाही, शांते."

रविवारी बाबा मला घेऊन एस.टी.ने तिच्या गावी गेले. का नेलं ते सांगितलं नाही. आता वाटतं, एकट्याने जाण्याचा त्यांना धीर नसावा. द्रुपदाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. उंच, हाडापेराची बाई, कपाळ मोकळं. बाबांना पाहून ती उठली नाही.

"या साहेब. रस्ता चुकले काय?"

"चुकलो होतो, बाई. तेच सांगायले आलो."

तिने शेंगांचं सूप बाजूला सारून खाट दाखवली. बाबांनी सगळं सांगितलं. ताप, घाम, सरकी न चावणं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि ओंजळभर कापूस घेऊन आली. "हा घ्या. तोच हाये. बोट नाई लावलं कोनं त्याले." बाबांनी हात धोतराला पुसले, सरकी काढली, दाताखाली धरली. कट्‌. तो आवाज त्या अंगणात मला फार मोठा वाटला.

"दव वाळल्याबिगर माह्या वावरात बाई पाय नाई टाकत," द्रुपदाबाई म्हणाली. "मजुरीच्या बाया शिव्या देतात मले. उनात येचाले लावते म्हनतात. अन्‌ मी पानी मारीन?"

"माझं चुकलं. मी माफी मागतो."

"इथं काहून मांगता?" तिचा आवाज चढला नाही. "इथं कोन हाये आयकाले? ह्या दोन कोंबड्या? ज्या लोकाइसमोर म्हनलं, त्या लोकाइसमोर म्हना. मले तुमची माफी घरात ठेवून काय कराची हाये, साहेब?"

"बुधवारी बंडी घेऊन या," बाबा म्हणाले. मग तिने चहा केला. काळा, गुळाचा. तीन कप आणले, एक बाबांना दिला, एक मला, आणि तिसऱ्यात स्वतः प्यायली. घरी आल्यावर आईने सगळ्यात आधी हेच विचारलं, कप कोणते होते. मी सांगितलं, सगळे सारखे, निळ्या काठाचे. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग ती चुलीकडे वळली.

पण बाबांनी बाकीचं सांगितलं तेव्हा ती बोलली, आणि एरवी इतकं ती कधी बोलत नसे.

"तुमच्या खुर्चीवर किती जणाइचा डोळा हाये, माहीत हाये ना? एकदा म्हनलं का माझा हात चुकला, की उद्या प्रत्येक बंडीवाला म्हनन, माझ्या बारीलेही चुकला होता. कोन ठेवीन तुमाले तिथं? दुसरा कोनी चुकला तर साहेब चुकला म्हनतात. तुमी चुकले तर काय म्हनतीन, मी सांगू?"

"नको सांगू. मले माहीत आहे."

"मंग?"

बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला, घोटभर प्यायले. "तिची बंडी उलटी गेली, शांते. माझ्या एका शब्दानं गेली. तो शब्द त्या घरात जाऊन कसा परत घेऊ?"

आईने भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मळून झाल्यावर ती म्हणाली, "सदरा इस्त्री करून ठेवते."

बुधवारी द्रुपदाबाई बंडी घेऊन आली. बाबांनी मला शाळेतून सुटी घ्यायला लावली होती. तिची बंडी पुढे आली तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले आणि चिठ्ठ्या लिहायच्या टेबलाशेजारी उभे राहिले. त्यांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती. पहिलं वाक्य कोणाला ऐकूच गेलं नाही. सलीमचाचांनी तोलकाट्यावरचं वजन लोखंडी पाटीवर आपटलं, तेव्हा आवार शांत झालं.

"मागच्या हप्त्यात मी या बाईचा कापूस ओला म्हणालो," बाबा म्हणाले. "कापूस कोरडा होता. माझे हात ओले होते. मले ताप होता आणि मी सरकी चावली नाही. चूक माझी होती. बाईनं पाणी मारलं नव्हतं. ज्यानं ज्यानं तसं गावात सांगितलं, त्यानं आता हेही सांगावं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक जण हसला. मग लाल पागोट्याचा एक माणूस बंडीवर उभा राहून ओरडला, "मंग साहेब, दिवाळीनंतर माहा कापूस दोन नंबर केला, तवा काय झालतं? तवाबी ताप होता काय?" आणि सगळी रांग हसली. बाबांचे कान लाल झालेले मला दिसले. त्यांनी द्रुपदाबाईच्या बंडीत हात घातला, तार ओढली, सरकी चावली. "एक नंबर." तिने चिठ्ठी घेतली, पदराच्या गाठीत बांधली आणि एक शब्द न बोलता काट्याकडे गेली. मला राग आला. निदान 'बरं' तरी म्हणायचं होतं, असं मला वाटलं.

आई म्हणाली होती तसंच झालं. प्रत्येक बंडीपाशी तेच. "साहेब, आज हात कोरडे हायेत ना?" "साहेब, डाक्टरची चिठ्ठी दाखवा आधी." मोठ्या साहेबांनी लेखी समज दिली. पुढच्या वर्षी मुख्य ग्रेडरची जागा निघाली, ती दुसऱ्याला मिळाली. बाबांनी त्यावर एकच केलं. बंडी पुढे आली की ते शेतकऱ्यापुढे दोन्ही हात धरायचे आणि त्याच्याच खांद्यावरच्या दुपट्ट्याला, त्याच्या डोळ्यांदेखत, हात पुसायचे. मग कापसाला हात लावायचा. आधी लोक हसून दुपट्टा पुढे करायचे. मग हसणं कमी झालं, पण पुसणं राहिलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी डबा घेऊन जायची आणि फाटकापाशी उभी राहून ते पाहायची. मला ते पाहवत नसे. बाबांना मात्र त्यात काही कमीपणा वाटत असल्याचं मला कधी दिसलं नाही.

त्याच हिवाळ्यात अमरावतीला मी आत्याकडे उतरले. स्पर्धेत मी पाचवी बोलायला उठले, आणि सगळं नीट म्हणत त्या वाक्यापर्यंत आले. तिथे हात वर झाला नाही, वाक्यही तोंडातून निघालं नाही. पुढचं आठवत होतं, पण मधलं ते न बोलता पुढे कसं जायचं हे कळेना. परीक्षक बाई हळूच म्हणाल्या, "बस बेटा." परतल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "विसरली." ते खरं नाही, हे मी त्यांना पुढच्या पन्नास वर्षांत कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. हाताला हात लागला असताना, त्या शेवटच्या दिवसांत, किती तरी वेळा सांगता आलं असतं.

त्या वर्षी होळीच्या सुमारास हंगाम सरत आला. उन्हं तापायला लागली, रांग पाच-सहा बंड्यांवर आली. एका शनिवारी मी डबा घेऊन गेले, तर द्रुपदाबाईची बंडी पुढे उभी होती. त्या बुधवारनंतर ती पहिल्यांदाच आली होती. बाबा उठले आणि रोजच्यासारखे दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिच्या खांद्यावर दुपट्टा नव्हता, पदर होता. शेजारच्या बंडीवरची माणसं पाहायला लागली.

"राहू द्या साहेब," द्रुपदाबाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मले नाई पाहाचे तुमचे हात. तसाच पाहा कापूस."

मला इतका आनंद झाला की डबा हातातून सुटता सुटता राहिला. आता संपलं, असं वाटलं मला.

बाबांनी खांद्यावरचा स्वतःचा पंचा काढला, सावकाश दोन्ही हात पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग कोपरापर्यंत हात घातला, तळातला कापूस काढला, तार ओढली. ती आखूड आली. पुन्हा ओढली. सरकी दाताखाली धरली.

"दोन नंबर," ते म्हणाले.

 आज तरी, मला वाटलं, आज तरी एक नंबर म्हणायचं होतं. 

द्रुपदाबाईने चिठ्ठी घेतली. ती पदरात बांधता बांधता शेजारच्या बंडीवाल्याकडे वळली आणि म्हणाली, "शेवटच्या वेच्याचा हाये, त्याची तार आखूडच असते. दोनच नंबर हाये तो." मग बैलांना हाक देत काट्याकडे गेली, आणि बाबांनी पुढच्या बंडीवाल्यासमोर दोन्ही हात धरले.